एकसष्ट ते एकोणसत्तर

सगळं निभावलं, म्हणून आता सांगायला हरकत नाही. मधल्या काळात कुणी नुसतं ‘साठ’ म्हटलं तरी फक्तकाका दचकत, पुढचा आकडा कुठला येतो म्हणून श्वास रोखून उभे राहत आणि थेट सत्तर ऐकू आल्यावरच तो सोडत. आता ते मोकळा श्वास घेतात. एक आकडा सोडून. पण तो शेवटी येईल.

फक्तकाका हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. काका पाणीपट्टीच्या कचेरीत रोखपाल. खिडकीच्या काचेतून बाहेरच्याला ऐकू जावं म्हणून त्यांच्यापुढे एक छोटा माइक बसवलेला आहे. त्यावरून ते प्रत्येकाची रक्कम वाचून दाखवतात: “सातशे त्र्याऐंशी रुपये फक्त.” मग तेच पावतीवर अक्षरी लिहितात आणि ‘फक्त’च्या पुढे कागदाच्या काठापर्यंत आडवी रेघ मारतात. “फक्त लिहिलं की रक्कम बंद,” असं ते नव्या कारकुनांना समजावतात. “त्यापुढे कुणाला काही जोडता येत नाही.” हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की घरीसुद्धा ते “अर्धा कप चहा, फक्त” असं म्हणत, आणि काकू खरोखरच अर्धा कप चहा देऊन रेघ मारल्यासारखी बशी ठेवत.

आवाज मात्र खरोखर चांगला. भरदार, स्वच्छ, पोटातून येणारा. बिल जास्त आलं म्हणून तावातावाने भांडायला आलेला माणूस, काकांनी रक्कम वाचली की पटल्यासारखा खिशात हात घालत असे. आणि स्वभाव म्हणाल तर थंड. साऱ्या इमारतीत त्यांचा दाखला दिला जाई. “आमच्याकडे आवाज चढवून बोलायची पद्धतच नाही,” हे काकू जिन्यात भेटलेल्या प्रत्येक बाईला सांगत. बाकीच्या बायकांकडे नवीन सोफा होता, गाडी होती, एकीकडे तर परदेशी मुलगा होता. काकूंकडे हे वाक्य होतं.

तर एका रविवारी काकूंचा धाकटा भाऊ आला. हा मेहुणा बोलणारे डबे बनवणाऱ्या कंपनीत आहे. दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी डबा ठेवायचा, गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे पाठवले की डबा रक्कम मोठ्याने सांगतो, म्हणजे कुणी पैसे न देताच अंगठा दाखवून जाऊ शकत नाही.

“भावोजी, मराठी डब्याला आवाज हवाय,” मेहुणा म्हणाला. “तुमच्यासारखा दुसरा नाही.”

काकांनी आधी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मेहुण्याने विचारलंच नाही, तेव्हा घाईघाईने हो म्हटलं.

“एक लक्षात घ्या,” मेहुणा म्हणाला. “इंग्रजीत वीस आणि तीन जोडून भागतं. आपल्याकडे तसं नाही. प्रत्येक आकड्याचा संसार वेगळा. एक ते नव्याण्णव एकेक सुटा बोलून घ्यायचा. मग शंभर, हजार, लाख. मग ‘रुपये’ आणि ‘मिळाले’.”

“आणि फक्त,” काका म्हणाले.

“फक्त नको.”

“म्हणजे? फक्त नाही तर रक्कम उघडी पडते.”

“भावोजी, दुकानदाराला ‘चाळीस रुपये फक्त’ ऐकायला आवडत नाही. एवढेच का आले, असं वाटतं त्याला.”

काकांना हे लागलं. आयुष्यभर ज्या शब्दाने लोकांच्या पैशांचं रक्षण केलं, तो कुणाला तरी कमीपणाचा वाटतो! पण करारावर मानधनाच्या रकमेपुढे ‘फक्त’ छापलेलं त्यांनी पाहिलं, पुढे स्वतःच्या पेनाने रेघ ओढून घेतली आणि सही केली.

बातमी जिना उतरायच्या आत वर पोचली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर लगेच खाली आले आणि एकोणऐंशी व नव्याऐंशी यांत समाज कशी गल्लत करतो यावर बोलून, दोन्ही आकडे काकांकडून म्हणून घेऊन, काकांना पास करून गेले. समोरचे विमावाले म्हणाले, “ठोक पैसे घेतलेत? चुकलात! दर रकमेमागे एक पैसा मागायचा. आज कोट्यधीश असता.” डबा अजून बाजारातही आला नव्हता, तरी काकांना त्या रात्री कोट्यवधींचा तोटा झाल्यासारखं वाटत राहिलं. तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी तर सरळ मौन सांगितलं. “दोन दिवस चकार शब्द काढायचा नाही. आवाज मुरू द्या.”

मौन घरी पाळणं सोपं होतं, कारण तिथे काकू बोलत. पण कचेरीत खिडकीवर काय करणार? काकांनी तोडगा काढला. प्रत्येकाची रक्कम चिठ्ठीवर अक्षरी लिहायची आणि काचेला लावून दाखवायची. पहिल्याच माणसाने ‘पाचशे त्र्याण्णव’ वाचून मागच्याला विचारलं, “त्र्याण्णव म्हणजे किती हो?” मागचा म्हणाला, “त्र्याऐंशीच्या पुढे असेल.” तिसऱ्याने मोबाइल काढला. एक पोक्त गृहस्थ चष्मा शोधू लागले. दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली आणि साहेब स्वतः खाली आले. काकांनी त्यांनाही चिठ्ठी दाखवली: ‘मौन आहे.’ साहेबांनी खाली लिहिलं, ‘सोडा.’ आणि सही केली. सहीमुळे तो कार्यालयीन आदेश झाला आणि काकांना तो पाळावा लागला.

आता जागेचा प्रश्न. मेहुण्याने घरभर टाळ्या वाजवत फिरून पाहिलं. बाहेरच्या खोलीत आवाज घुमतो, स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरतो, न्हाणीघरात नळ टपकतो. पाणीपट्टीच्या रोखपालाच्या घरी नळ टपकतो ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, असं काकांनी लगेच बजावलं. शेवटी निजायच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट पसंत पडलं. लोकरीचे कोट आणि वर रचलेल्या चादरी यांत आवाज छान मुरतो म्हणे. मेहुण्याने आत स्टूल ठेवलं, माइक एका कोटाच्या खिशाला अडकवला, यंत्र चालू केलं, काकांना आत बसवून दार लावलं आणि “संध्याकाळी येऊन घेऊन जातो” म्हणून तो ऑफिसला गेला. काका घेऊन जाणार की यंत्र, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

कपाटात उकाडा भयंकर. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात आकड्यांचा कागद, डोक्यावर कोटाची बाही. पण काका चिकाटीचे. प्रत्येक आकडा तीनदा म्हणायचा, मध्ये पाच मोजायचे, घाम पुसायचा. पन्नाशी ओलांडली तेव्हा त्यांना स्वतःचा अभिमान वाटू लागला. तेवढ्यात दार उघडलं.

“अहो, इस्त्रीवाला आलाय. तुमचा निळा शर्ट तुमच्या डोक्यामागे आहे.”

काकांनी शर्ट दिला. सत्तावन्न पुन्हा पहिल्यापासून. एकोणसाठला दार पुन्हा उघडलं. इस्त्रीवाला हँगर परत मागत होता. काकांनी हँगर दिला. साठ नीट झाला. एकसष्टसाठी तोंड उघडलं आणि दार तिसऱ्यांदा उघडलं.

“वरची चादर तेवढी...”

आणि काका ओरडले. “तुला जरा म्हणून समजत नाही का? एक काम, आयुष्यात एक काम धड करू देशील तर शपथ!”

काकू काही बोलल्या नाहीत. चादर न घेताच त्यांनी दार हळूच लावलं. हे दार हळूच लावणं फार वाईट. आपटलं असतं तर भांडण झालं असतं आणि संध्याकाळपर्यंत मिटलंही असतं. काका त्याच तावात कागदावर पुढे गेले: एकसष्ट! बासष्ट! त्रेसष्ट! मग एकोणसत्तर संपल्यावर घोटभर पाणी प्यायले, सत्तरला निवले, ऐंशीला रमले, आणि शेवटचं ‘रुपये’ व ‘मिळाले’ तर, आता कपाटातून बाहेर पडायला मिळणार या आनंदात, अगदी लाडात म्हणून मोकळे झाले. काकूंनी संध्याकाळी नेहमीसारखा अर्धा कप चहा दिला. त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना काही वाटलं नाही, असा काकांनी समस्त नवरे लावतात तोच हिशेब लावला.

काही दिवसांनी डबे आले. कंपनीने आधी याच भागातल्या दुकानांत ते पाहणीसाठी ठेवले. काकूंनी मनातलं बाजूला सारून सगळीकडे वर्दी दिली, आईला फोन केला, आणि किराणावाल्याकडे जाऊन साबण, मेणबत्ती आणि बिस्किटं वेगवेगळी घेऊन तीनदा पैसे दिले. “पस्तीस रुपये मिळाले.” “बारा रुपये मिळाले.” दुकानातल्या बायका कौतुकाने बघत होत्या. “अगं बाई, काकाच की!” काकूंचा चेहरा फुलला होता. तेवढ्यात हेडमास्तरीणबाईंनी खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि पैसे पाठवले.

“त्रेसष्ट!!” डबा खेकसला. आणि मग लाडात: “रुपये मिळाले.”

किराणावाल्याच्या हातून मापटं पडलं. एक लहान मूल रडायला लागलं. आधी अंगावर धावून जायचं आणि लगेच गोड बोलायचं, म्हणजे ते आणखीच घरातलं वाटत होतं. असा सूर कुणी परक्यासाठी लावत नाही. हेडमास्तरीणबाईंनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला.

“घरी असंच असतं का हो?”

काकू हसल्यासारखं करून घरी आल्या. काकांना त्यांनी एवढंच सांगितलं, “यापुढे सामान तुम्ही आणत जा.”

पुढच्या आठवड्यात सगळी आळी आकडे टाळून खरेदी करायला शिकली. बासष्ट झाले की लोक गोळ्यांची पुडी घेऊन सत्तरावर नेत. किराणावाल्याचा गोळ्यांचा खप वाढला आणि तो काकांना नमस्कार करू लागला. न्हाव्याने दाढीचा दर पासष्टवरून सत्तर केला आणि कुणी कारण विचारलं तर तो काकांच्या घराकडे वस्तरा दाखवी. हेडमास्तरांनी मुद्दाम नऊच्या नऊ आकडे तपासून “उच्चार निर्दोष” असा शेरा दिला. विमावाले म्हणाले, “ही तर जाहिरात! आता तरी पैसा मागा.” कचेरीच्या खिडकीवर, तीनशे सदुसष्टचं बिल असलेला एक म्हातारा हात जोडून म्हणाला, “साहेब, वाचू नका. मी मानतो.” बावीस वर्षं ज्याने आवाज चढवला नाही, त्याला ही वागणूक! काका दुखावले. पण लोक असं का वागतात, ते त्यांना अजून नीट कळलंच नव्हतं, कारण स्वतः त्यांनी ते आकडे ऐकलेच नव्हते. लोकांची अतिशयोक्ती, असं ते धरून चालले होते.

मग एका सकाळी औषधाच्या दुकानात त्यांनी खोकल्याची बाटली घेतली. डबा म्हणाला: “सहासष्ट!!”

काकांना तो आवाज ओळखू आला. घाम, कोटाची बाही, आणि अर्धवट उघडलेल्या दारातला काकूंचा चेहरा. शब्द यंत्राने कापून टाकले होते, पण राग सगळाच्या सगळा आकड्यात उतरला होता, आणि तो आता पैसे टाकेल त्याला ऐकायला मिळत होता. काका बाटली न घेता बाहेर आले. आपण हे तिच्याशी बोललो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. आणि तिने अजून चादर बदललेली नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं.

संध्याकाळी मेहुणा आला तो आनंदाची बातमी घेऊन. “भावोजी, पाहणी फत्ते! महिनाअखेर डबे सगळ्या गावांत. आपल्या गावीसुद्धा, ताई!”

काकूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “आईच्या औषधवाल्याकडे?”

“पहिला डबा तिथेच. आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, जावयाचा आवाज येतोय म्हणून.”

काकूंनी क्षणभर मनात हिशेब केला. “तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या सहाशे अडुसष्टच्या असतात,” त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. आतलं दार हळूच लागलं.

काकांनी ठरवलं. मानधन परत द्यावं लागलं तरी चालेल, पण हे नऊ आकडे बदलायचे. ज्या आईला काकू इतकी वर्षं ‘आवाज चढवायची पद्धत नाही’ असं सांगत आल्या, तिच्या अंगावर आपण भर दुकानात खेकसायचं? तिला काय कळेल, ते सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मेहुण्याच्या कंपनीत गेले. आवाज खात्याच्या बाई काचेच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी ‘ध्वनी पुनर्मुद्रण विनंती’ असा अर्ज पुढे केला. त्यात कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय: उच्चार चुकीचा, ध्वनी अस्पष्ट, पार्श्वभूमीला आवाज.

“यातलं कुठलं?” बाईंनी विचारलं.

“यातलं नाही. मी रागावलो होतो.”

“रागाचा रकाना नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा पुढ्यात ओढून एकसष्टपासून ऐकायला सुरुवात केली. चौसष्टला त्यांच्या खोलीबाहेरचा शिपाई उठून उभा राहिला. बाईंचा चेहरा मात्र उजळला. “अहो, हे तर तुमचे सगळ्यात उत्तम आकडे आहेत! एकेक अक्षर खणखणीत. पाहणीतही तेच दिसलं. या नऊ आकड्यांना दुकानातला प्रत्येक माणूस मान वर करून ऐकतो. मी तर वरती लिहिणारच होते की बाकीचे नव्वदही याच आवाजात घ्या.”

“नव्वद!” काकांनी खुर्चीचा दांडा धरला. एवढं रागवायला माणसाला किती संसार करावे लागतील!

बरीच गयावया केल्यावर बाई इतकंच म्हणाल्या, “तुम्ही नवीन करून आणा. मूळ आवाजाशी जुळलं आणि अर्जात बसणारं कारण असलं, तर बघू.”

मग शिकवण्या सुरू झाल्या. गाण्याच्या बाईंनी सांगितलं, ओठांवर हसू ठेवून म्हणा. काकांनी हसत ‘बासष्ट’ म्हटलं, तर ते दात दुखत असल्यासारखं आलं. हेडमास्तर म्हणाले, समोर आज्ञाधारक विद्यार्थी आहे अशी कल्पना करा. त्यातून निघालेलं ‘पासष्ट’ परीक्षेत नापास झालेल्याचं सांत्वन करत होतं. विमावाल्यांच्या सल्ल्याने काढलेल्या ‘सदुसष्ट’मध्ये मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेची छटा आली. कंपनीतल्या बाईंनी तिन्ही परत पाठवले. शेरा: ‘आवाज जुळत नाही. आवाज आजारी आहे का?’

महिना संपत आला. एका दुपारी काका घरी आले, मेहुण्याचं यंत्र कोटाच्या खिशाला लावलं आणि स्वतःच कपाटात शिरून बसले. “एकसष्ट,” ते अंधारात म्हणाले. “एकसष्ट.” मग काकुळतीला येऊन, “एकसष्ट की हो...”

दार उघडलं. काकू चादर घ्यायला आल्या होत्या. कोटांच्या मध्ये, बाही डोक्यावर घेऊन, घामाने निथळणारा आपला नवरा कपाटाशी गयावया करतोय, हे त्यांनी पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. त्या पलंगाच्या कडेवर बसून हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

“चुकलो,” काका कपाटातूनच म्हणाले.

काकू वाट बघत राहिल्या.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“काही नाही. तुम्ही चुकलो म्हणालात की पुढे ‘पण’ येतो. पण उकडत होतं, पण तू तीनदा दार उघडलंस. तो येऊन जाऊ दे, म्हणजे मी चादर घेऊन जाते.”

काकांच्या तोंडात तो ‘पण’ खरोखरच तयार होता. त्यांनी तो गिळला.

“चुकलो, फक्त,” ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं पावत्यांवर ओढलेल्या रेघा त्यांनाही ठाऊक होत्या.

“पुढे काही जोडणार नाही ना?”

“फक्त म्हटलं की जोडता येत नाही.”

काकू उठल्या. चादर घ्यायला म्हणून हात वर केला, आणि तो तसाच काकांच्या डोक्यावरची बाही बाजूला करायला खाली आला. “मला वाईट वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “ओरडलात त्याचं तेवढं नाही. तुम्ही ते विसरून गेलात त्याचं. आणि मग दुकानातल्या डब्याने आठवण ठेवली.” मग त्या स्टुलाशेजारी पलंगावरची उशी टाकून बसल्या. “म्हणा आता. माझ्याकडे बघून म्हणा.”

काकांनी बघून म्हटलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. ओठांवर हसू नाही, समोर विद्यार्थी नाही. कपाटाचं दार उघडं होतं, फ्रीज गुरगुरत होता, न्हाणीघरात नळ टपकत होता. एकोणसत्तर झालं तेव्हा काकू म्हणाल्या, “आता झालं. उठा, चहा टाकते.” आणि त्यांनी पूर्ण कप दिला.

कंपनीत दुसऱ्या दिवशी दोघंही गेले. बाईंनी नवे आकडे ऐकले. “आवाज जुळतो,” त्या नाइलाजाने म्हणाल्या. “पण कारण? रकान्यात बसणारं कारण लागेल. नाहीतर जुनेच जातील.”

“तिसऱ्यावर खूण करा,” काकू म्हणाल्या. “पार्श्वभूमीला आवाज.”

“कसला आवाज? मला तर काही ऐकू आला नाही.”

“कसा येईल? मी काही बोललेच नाही. पण पार्श्वभूमीला मीच होते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जुना डबा पुन्हा चालू केला, डोळे मिटले आणि ‘चौसष्ट’ ऐकलं. एकदा, दोनदा. डोळे उघडले तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या मोबाइलकडे पाहिलं, जणू कुणाला तरी फोन करायचा राहिला होता. “आमच्याकडेही होतो हा आवाज,” त्या हळू म्हणाल्या. “पार्श्वभूमीला मी असते.” आणि तिसऱ्या पर्यायावर त्यांनी ठसठशीत खूण केली. काकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी बाईंना खाली वाकून नमस्कार करायचं तेवढं बाकी ठेवलं.

“नऊ आकडे बदलले,” बाईंनी लिहायला घेतलं.

“आठ,” काकू म्हणाल्या.

“आठ?”

“चौसष्ट राहू द्या.”

काका चमकले. “अगं, पण...”

“पण?” काकूंनी विचारलं.

“काही नाही,” काका म्हणाले. “राहू द्या. फक्त.”

महिनाअखेर डबे गावोगाव गेले. सासूबाईंचा फोन आला. सहाशे अडुसष्ट ऐकायला त्यांनी अख्खी गल्ली नेली होती आणि औषधवाल्याने सगळ्यांना खुर्च्या दिल्या होत्या. “काय गं मायेने बोलतात! सारख्या गोळ्या घ्याव्याशा वाटतात,” त्या म्हणाल्या. काकूंनी फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन आपलं जुनं वाक्य दोन बायकांना सांगून आल्या. काका आतून ऐकत होते. त्यांना वाटलं, इतकं हलकं आपल्याला पगारवाढ मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

न्हाव्याचा दर मात्र सत्तरच राहिला.

आणि तो एक आकडा. परवा सकाळी चष्मा सापडेना म्हणून काका जरा जोरात बोलले. चष्मा कपाळावर होता. काकूंनी पिशवी हातात दिली.

“काय आणू?”

“काहीही आणा. चौसष्ट रुपयांचं. फक्त.”

काका मुकाट्याने किराणावाल्याकडे गेले. तिथे त्यांच्यापुढे हेडमास्तर उभे होते, हातात साबणाची वडी, काडेपेटी आणि एक मेणबत्ती, असं काहीच कशाशी जुळत नसलेलं सामान. किराणावाला बेरीज करून त्यात दोन गोळ्या टाकत होता.

“तुम्हीसुद्धा?” काकांनी विचारलं.

“हिने पाठवलं,” हेडमास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. “कितव्यांदा आलोय या महिन्यात, विचारू नका.” त्यांनी पैसे पाठवले आणि मान खाली घालून उभे राहिले.

“चौसष्ट!!” काका डब्यातून हेडमास्तरांवर खेकसले. “रुपये मिळाले.”

हेडमास्तरांनी पिशवी उचलली. मागे विमावाले येऊन उभे राहिले होते, त्यांच्या मागे आणखी दोघे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. किराणावाल्याने पुढची साबणाची वडी काढून ठेवली.

“या, काका,” तो म्हणाला. “तुमचा नंबर.”